बारा ग्रॅमचा जीव, शंभर वर्षांची ढोली

नीलगिरीचं झाड माहीत नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. हायवेच्या कडेला, शेताच्या बांधाला, वनखात्याच्या लागवडीत सरळसोट रांगेनं उभी असलेली, पांढरट गुळगुळीत सालीची ही झाडं आपण लहानपणापासून बघत आलोय. सर्दी झाली की गरम पाण्यात त्याच्या तेलाचे दोन थेंब टाकून वाफही घेतलीय. पण आपण नीलगिरीचं फक्त बालपण पाहिलेलं असतं. आपल्याकडे लागवडीतलं झाड पाच-दहा वर्षांत लगद्यासाठी नाहीतर बल्ल्यांसाठी तोडलं जातं. म्हातारी नीलगिरी बघायची तर तिच्या माहेरी, ऑस्ट्रेलियात जावं लागतं. तिथे दोन-तीनशे वर्षांची झाडं अजून आहेत. कवेत न मावणारा बुंधा, मोडलेल्या फांद्यांचे खुंट, आणि त्या खुंटांच्या जागी पडलेल्या काळोख्या ढोल्या.

पूर्व ऑस्ट्रेलियातल्या अशा एखाद्या ढोलीत, सुक्या पानांच्या गोल घरट्यात, दिवसभर एक जीव झोपलेला असतो. इंग्रजीत त्याला फेदरटेल ग्लायडर म्हणतात, म्हणजे पिसासारख्या शेपटीचा, हवेत तरंगत जाणारा. मी या लेखापुरतं त्याला पीसशेपट्या म्हणणार आहे. अंग आपल्या अंगठ्याएवढं, शेपटी जवळजवळ तेवढीच लांब, वजन १० ते १४ ग्रॅम. भीमाशंकरच्या जंगलातलं दीड-दोन किलोचं शेकरू तराजूच्या एका पारड्यात बसवलं, तर दुसऱ्या पारड्यात असे सव्वाशे-दीडशे पीसशेपटे घालावे लागतील. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात दशमान चलन आलं, तेव्हा शिल्पकार स्टुअर्ट डेव्हलिन यांनी सगळ्यात लहान, म्हणजे एक सेंटच्या नाण्यावर याचंच चित्र घेतलं. ते नाणं अडीच ग्रॅमच्या किंचित वर भरायचं. अशी पाच नाणी हातात घेतली की एक पीसशेपट्या हातात घेतल्यासारखं. १९९२ पासून ती नाणी चलनातून काढून घेतली गेली.

पिशवीवाला प्राणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कांगारू येतं. पण या घराण्यात झाडांवर राहणारी, उंदराएवढी आणि उंदराहूनही लहान मंडळी बरीच आहेत. घराण्याची खूण एकच: पिल्लू अगदी कच्चं असतानाच जन्माला येतं आणि पुढची सगळी वाढ आईच्या पोटावरच्या पिशवीत, म्हणजे शिशुधानीत, स्तनाग्राला चिकटून होते. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या हनी पॉसम नावाच्या चिमुकल्या पिशवीवाल्याचं नवजात पिल्लू जेमतेम दोन तिळांच्या वजनाचं असतं. पीसशेपट्याच्या मादीला चार स्तनाग्रं, म्हणून एका खेपेला जास्तीत जास्त चार पिल्लं जगतात. ती दूध पीत असतानाच पुढच्या खेपेचे गर्भ आईच्या पोटात तयार असतात, पण वाढ थांबवून बसलेले. आधीची पिल्लं दूध सोडायला आली की मग त्यांची वाढ पुढे सरकते. आईला दोन खेपांची भूक एकदम भागवावी लागत नाही. हे गणित महत्त्वाचं आहे, कारण या प्राण्याच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट शेवटी भुकेच्या गणितापाशीच येते.

आधी त्याचं उडणं बघू, कारण ते नुसतं वाचूनही मन हरखतं.

अंधार पडला की पीसशेपट्या ढोलीच्या तोंडाशी येतो. सुपारी जेमतेम आत जाईल एवढंच ते तोंड असतं, आणि ते लहान असणं हेच त्याचं कुलूप. फांदीच्या टोकाशी जाऊन तो अंग आखडतो आणि सरळ अंधारात झेप घेतो. चारही पाय फाकले की कोपरापासून गुडघ्यापर्यंतची कातडी ताणली जाते आणि त्या इवल्या अंगाचा चौकोनी कागद होतो. शेपटीच्या मधोमध दांडा आणि दोन्ही बाजूंना ताठ केसांची झालर असते, हुबेहूब पीस. तिच्यानं तो दिशा सांभाळतो. अशा एका उडीत वीस-पंचवीस मीटर अंतर सहज कापलं जातं. समोरचं खोड जवळ आलं की तो अंग वर उचलतो, त्यानं वेग तुटतो आणि चारही पाय एकदम सालीला टेकतात.

पण ती साल गुळगुळीत असते, आपल्याकडच्या नीलगिरीसारखीच. मग घसरत कसा नाही? त्याच्या बोटांच्या टोकांना रुंद, मऊ गाद्या असतात. त्यांच्यावर अतिशय बारीक रेघा असतात आणि घामाच्या ग्रंथीही असतात. बँकेच्या काउंटरवर नोटा मोजणारा माणूस बोट जरा ओलं करतो, कारण कोरडं बोट नोटेवरून सरकतं आणि किंचित ओलं बोट तिला धरतं. पीसशेपट्याची बोटं कायम अशी किंचित ओली असतात. त्यांच्या जोरावर तो खिडकीच्या उभ्या काचेवरसुद्धा चढतो. आपल्या भिंतीवरची पाल काच चढते ती वेगळ्या युक्तीनं, पायाखालच्या लाखो सूक्ष्म केसांच्या आधारानं, कोरड्या पायांनी. हा ओल्या पायांनी चढतो, झाडावरच्या बेडकासारखा.

सह्याद्रीत ज्यांनी पाखरू, म्हणजे उडती खार, रात्री झाडावरून झाडावर जाताना पाहिलीय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. पण पाखरू आणि पीसशेपट्या यांचं नातं फारच दूरचं आहे, इतकं की पाखरू त्याच्यापेक्षा आपल्याला, माणसाला, जास्त जवळचं. तरंगण्याची युक्ती दोघांनी आपापली शोधली. पाखराची कातडी मनगटापासून घोट्यापर्यंत जाते, याची कोपरापासून गुडघ्यापर्यंत. खुद्द पिशवीवाल्या प्राण्यांतही ही युक्ती तीन वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आली आहे. झाडं उंच आणि विरळ असतील तर खाली उतरून पुन्हा वर चढण्यापेक्षा हवेतून जाणं स्वस्त पडतं, आणि जमिनीवरचे शत्रूही टळतात.

आता भुकेकडे येतो. पातेलंभर वरण गॅसवरून उतरवलं तर ते बराच वेळ गरम राहतं. तेच वरण वाटीत वाढलं की पाच-दहा मिनिटांत कोमट होतं, आणि बशीत ओतलेला चहा तर बघता बघता गार. वस्तू लहान झाली की आतल्या ऐवजाच्या मानानं तिचं उघडं अंग वाढतं आणि उष्णता भराभर निसटते. एखाद्या प्राण्याची लांबी निम्मी केली तर त्याच्या अंगाचा पृष्ठभाग चौथा हिस्सा उरतो, पण वजन मात्र आठवा हिस्सा. म्हणजे दर ग्रॅममागे उष्णता गळायला दुप्पट जागा. बारा ग्रॅमचा गरम रक्ताचा प्राणी म्हणजे सतत गार होत जाणारी वाटी. ती गरम ठेवायची तर चुलीत सारखं सरपण घालत राहायला हवं.

हे सरपण म्हणजे साखर. फुलांतला मध, झाडाच्या जखमांतून पाझरणारा गोड रस, पानांवरच्या चिमुकल्या किड्यांनी सोडलेला मधाळ थेंब, जोडीला थोडे किडे. आमच्या सोसायटीच्या आवारात बॉटलब्रशचं एक झाड आहे. तेही मूळचं ऑस्ट्रेलियाचं. फुलायला लागलं की सकाळी शिंजीर येतात, लाल कुंच्यात वाकडी चोच खुपसतात, मध पितात आणि कपाळाला पिवळा पराग लावून जातात. रात्री मात्र ते झाड रिकामं असतं. त्याच्या मायदेशात रात्रीची पाळी या छोट्या पिशवीवाल्यांची असते. ईस्टर्न पिग्मी पॉसम नावाचा पंधरा ते चाळीस ग्रॅमचा प्राणी शेपटीचा विळखा फांदीला घालून अशाच फुलांत तोंड खुपसतो. त्याच्या नाकाला लागलेला पराग पुढच्या फुलाला मिळतो. आपल्या अंगणातल्या झाडाच्या फुलाचा आकार नीट पाहिला, ते ताठ, उघडे, कुंचल्यासारखे पुंकेसर पाहिले, की ते केसाळ तोंडाला आणि पिसांना सारखेच परागानं माखू शकतात हे कळतं.

या खाण्यात सगळ्यात टोकाला गेला तो हनी पॉसम. तिथल्या नूंगार लोकांच्या भाषेत नूलबेंगर. नैऋत्य ऑस्ट्रेलियाच्या वालुकामय माळांवर, बँक्सियाच्या झुडपांत तो राहतो आणि फक्त मध आणि पराग खातो. किडेही नाहीत. तोंड लांबट, जिभेच्या टोकाला ब्रश, दात जवळजवळ नाहीसे झालेले. नऊ ग्रॅमच्या हनी पॉसमला रोज साधारण सात मिलिलिटर मध आणि एक ग्रॅम पराग लागतो. साठ किलोच्या माणसानं रोज पंचेचाळीस लिटरच्या वर सरबत प्यावं, तसं हे झालं. मधातून ऊर्जा, परागातून प्रथिनं. वर्षातल्या प्रत्येक महिन्यात कुठलं ना कुठलं फूल फुललेलं असेल, तरच हा प्राणी जगू शकतो. म्हणून तिथल्या बँक्सियांच्या मुळांना लागलेला रोग त्याच्यासाठी फार घातक आहे. आपल्या कोकणात आणि गोव्यात सुपारीवर कोळेरोग पाडणारा जंतू ज्या फायटोफ्थोरा घराण्यातला, त्याच घराण्यातला एक जंतू तिथे झुडपांच्या राईच्या राई वाळवतो.

फुलं मात्र रोज फुलत नाहीत. नीलगिरी लहरी असते. एखाद्या वर्षी झाड पांढरंशुभ्र होतं, पुढची दोन वर्षं नावाला चार फुलं. गारठ्याच्या, पावसाच्या रात्री बाहेर पडणंच तोट्याचं. अशा वेळी हे प्राणी चूल विझवतात.

याला शास्त्रात टॉर्पर म्हणतात. आपल्या झोपेशी याची तुलना करून चालणार नाही. झोपेत आपलं अंग गरमच राहतं. टॉर्परमध्ये पीसशेपट्याच्या अंगाचं तापमान पस्तीसच्या आसपासवरून दोन-चार अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. श्वास क्वचित, हृदयाचे ठोके तुरळक, हातात घेतला तर थंडगार. कोणाला वाटावं मेलाय. असे कित्येक दिवस जातात. मग आतून चूल पुन्हा पेटते, अंग थरथरतं, गरम होतं आणि तो चालू लागतो. थंडीत एका घरट्यात अनेक जण, कधी वीसही, एकमेकांना बिलगून पडतात. कारण वाट्या एकत्र केल्या की त्यांचं पातेलं होतं.

ईस्टर्न पिग्मी पॉसमनं तर याची कमाल केली. आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठातले फ्रिट्झ गायझर यांनी या प्राण्यांना आधी भरपूर खाऊ घालून गुबगुबीत होऊ दिलं आणि मग गारव्यात, अन्नाशिवाय ठेवलं. २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. ते प्राणी सरासरी ३१० दिवस शीतनिद्रेत राहिले, एक तर ३६७ दिवस. एका वर्षाहून जास्त, फक्त अंगावरच्या चरबीवर! उपवास, तप, समाधी हे शब्द आपल्या तोंडात सहज असतात. वाटीभरही वजन नसलेल्या प्राण्याला हे जमतं हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो.

इथून जरा दूर जायला हवं, थेट दक्षिण अमेरिकेत. चिली आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनाच्या ओल्या, थंड जंगलांत मोनितो देल मोन्ते राहतो. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ डोंगरातलं छोटं माकड. माकडाशी त्याचा काही संबंध नाही. तो वीस-चाळीस ग्रॅमचा पिशवीवाला प्राणी आहे. शेपटीच्या मुळाशी चरबी साठवतो, हिवाळाभर झोपतो, आणि बांबूच्या पानांचं घरटं करून त्यावर शेवाळ थापतो. घरात दिसला तर काही ठिकाणी अपशकुन मानतात, बिचाऱ्याला. त्या जंगलातलं क्विंत्राल नावाचं बांडगूळ या प्राण्याच्या भरवशावर आहे. आपल्याकडे आंब्यावरच्या बांडगुळाचं बी फुलटोच्या पक्षी पसरवतो. पिकलं फळ खातो आणि चिकट बी फांदीवर पुसतो. तिकडे हे काम मोनितो करतो. बी त्याच्या पोटातून जाऊन फांदीवर पडलं तरच नीट रुजतं. २००० साली गिलेर्मो अमिको आणि मार्सेलो आयसेन या अर्जेंटिनाच्या संशोधकांनी ही गोष्ट जगासमोर आणली.

आणि मोनितो त्याच्या शेजारच्या अमेरिकी पिशवीवाल्यांपेक्षा ऑस्ट्रेलियातल्या मंडळींचा जवळचा नातेवाईक आहे. मधे अख्खा प्रशांत महासागर असून! याचं कारण, एकेकाळी दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकमेकांना जोडलेले होते, आणि तेव्हा अंटार्क्टिकावर बर्फ नव्हे तर जंगल होतं. तिथल्या सीमोर बेटावर पिशवीवाल्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले आहेत. ज्या महाखंडाचे हे तुकडे, त्याचं नाव गोंडवन. हे नाव आपल्या मातीतलं: गोंडांचं वन, म्हणजे मध्य भारताचा तो पट्टा ज्यात आपलं चंद्रपूर आणि गडचिरोली येतं. भारतही त्याच महाखंडाचा भाग होता. पण तो कितीतरी आधी सुटून उत्तरेकडे निघाला होता, पिशवीवाले प्राणी अंटार्क्टिकावरून ऑस्ट्रेलियात पोचले त्याच्या कित्येक कोटी वर्षं आधी. नाव दिलं आपण, पण त्या वाटेवरून आलेला एकही पाहुणा आपल्या जंगलात नाही.

आता पुन्हा ढोलीकडे. मला खरं सांगायचंय ते इथंच.

चूल विझवून आठवडाभर पडून राहायचं तर जागा सुरक्षित हवी. थंडगार पडलेला प्राणी पळू शकत नाही, चावू शकत नाही. त्याला जाड भिंती हव्यात, अरुंद दार हवं. थोडक्यात, ढोली हवी. आपल्या जंगलात ढोल्यांचा कारखाना सतत चालू असतो. सुतार पक्षी लाकूड कोरतो, तांबट कोरतो, दरवर्षी नवी भोकं पाडतो आणि जुनी पोपट, साळुंक्या, पिंगळ्यांसाठी सोडून जातो. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षीच नाही. एवढ्या मोठ्या खंडात एकही जात नाही.

मग तिथे ढोली होते कशी? वाऱ्यानं फांदी मोडते, वीज पडते किंवा आग लागून खोडाला जखम होते. त्या जखमेतून बुरशी आत शिरते. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो; मधला गाभा हे जुनं, मेलेलं लाकूड. बुरशी ते मऊ करते, वाळवी ते खाते, आणि झाड बाहेरून हिरवंगार असताना आतून हळूहळू पोकळ होत जातं. नीलगिरीच्या झाडात लहान ढोली तयार व्हायला साधारण शंभर वर्षं तरी लागतात. मोठी हवी तर दोनशे. आणि या ढोल्यांवर ऑस्ट्रेलियातले सुमारे ३०० जातींचे पाठीच्या कण्याचे प्राणी अवलंबून आहेत: पोपट, घुबडं, वटवाघळं, घोरपडीच्या कुळातले काही, आणि आपली ही चिमुकली मंडळी.

म्हणून वनाचं क्षेत्र किती हेक्टर, एवढ्यानं काही कळत नाही. त्यातल्या झाडांचं वय काय, हे विचारायला हवं. पन्नास वर्षांचं दाट, हिरवं, सुंदर जंगल पीसशेपट्याला दारं नसलेल्या इमारतींच्या गावासारखं आहे. ढोली मिळाली नाही तर तो पक्ष्यांच्या टाकून दिलेल्या घरट्यांत, कधी विजेच्या मीटरच्या डब्यात पानं भरून राहतो. पण ते डबे उघडे पडतात आणि मांजरं रात्रभर फिरत असतात. युरोपीय लोकांबरोबर आलेली मांजरं ऑस्ट्रेलियाच्या छोट्या प्राण्यांसाठी काळ ठरली. लोक लाकडी पेट्या टांगतात, करवतीनं जिवंत खोडात पोकळी कोरतात. चांगलं काम आहे, पण पातळ प्लायवूडची पेटी उन्हाळ्यात तापते आणि जाड खोडासारखा गारवा देऊ शकत नाही.

आगीनं हा प्रश्न अजून अवघड केला आहे. २०१९-२० च्या उन्हाळ्यात कांगारू आयलंड या बेटाचा जवळपास अर्धा भाग जळाला. तिथे सगळ्या पॉसममधला सर्वात लहान, दहा ग्रॅमच्याही आतला लिटल पिग्मी पॉसम राहतो. वर्षभर त्याची काही खूण नव्हती. २०२० च्या डिसेंबरमध्ये न जळलेल्या एका तुकड्यात तो पाहणी करणाऱ्यांना जिवंत सापडला, तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांनी तळहातावरच्या त्या इवल्या जिवाचा फोटो छापला.

व्हिक्टोरिया राज्याच्या मध्यवर्ती डोंगरांत माउंटन अ‍ॅश नावाची नीलगिरी वाढते. फुलझाडांच्या वर्गातल्या जगातल्या सगळ्यात उंच झाडांपैकी हे एक. तिथे लेडबीटर्स पॉसम राहतो, पीसशेपट्याचा बराच थोरला भाऊबंद, शे-सव्वाशे ग्रॅमचा. तो नामशेष झाला असं धरून चालले होते, आणि १९६१ मध्ये मेरीसव्हिल गावाजवळ पुन्हा सापडला. आता तो राज्याचा मानाचा प्राणी आहे. या डोंगरांत १३ जानेवारी १९३९ ला भयंकर वणवा पेटला होता. ७ फेब्रुवारी २००९ ला पुन्हा पेटला आणि या पॉसमचं बरंचसं घर गेलं. मधल्या काळात लाकडासाठी तोड चालूच होती. १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियानं नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद केली.

त्या डोंगरांतली बरीचशी झाडं १९३९ च्या राखेतून उगवलेली आहेत. आज ती पंच्याऐंशीच्या पुढची आहेत. सरळ, उंच, गुळगुळीत, आपल्या हायवेकडेच्या नीलगिऱ्यांची थोरली भावंडं शोभतील अशी. बहुतेकांत अजून ढोली नाही. त्यांच्यामध्ये कुठे कुठे १९३९ च्या आधीचं, आगीत मेलेलं एखादं झाड करड्या रंगाचं, फांद्या गळालेलं, पोकळ असं उभं असतं. दर वर्षी त्यातली काही कोसळतात. जी अजून उभी आहेत त्यांच्या भोकांतून संध्याकाळी, अंधार पुरता पडला की, आधी मिशा बाहेर येतात, मग नाक, मग दोन मोठे काळे डोळे.